लग्नाला केटी नसते!

"तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? मग झालं तर! बाहेरचा फोटोग्राफर कशाला करायचा?"

मामांचा हा फोन आला तेव्हा मी होस्टेलच्या गच्चीवर होतो. सहाव्या सेमिस्टरचं सबमिशन तोंडावर आलेलं, डोक्यावर एक केटी, आणि अशा वेळी कुणीतरी आपल्यावर एवढा विश्वास टाकतंय म्हटल्यावर छाती फुगणारच! मी लगेच 'हो' म्हणून टाकलं. त्यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? सेकंडहँड का होईना पण डीएसएलआर होता, सख्ख्या मामेबहिणीचं लग्न होतं, आणि गॅदरिंगपासून क्रिकेटच्या फायनलपर्यंत सगळ्या होस्टेलचे फोटो मीच काढत होतो. आमच्या विंगमध्ये तर मला 'स्टुडिओ' म्हणूनच हाक मारतात.

मित्रांनो, माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांची मेसची वेळ झाली आहे त्यांना पान उलटता येईल. पहिलं लग्न एकट्याने शूट करायला घेऊ नका. आणि 'घरचंच आहे, फुकट करून देतो' असं तर मुळीच म्हणू नका. हे मी कुठे वाचून सांगत नाही. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या पुढे एक गाव लागतं, तिथल्या मांडवात मी हे शिकलो. फी मात्र दुसऱ्यांनी भरली.

आता तुम्ही म्हणाल, फोटोच तर काढायचे, त्यात एवढं काय? मलाही तसंच वाटत होतं. कारण आपल्याला सवय कसली आहे ते बघा. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर पुन्हा घेता येतं. पुन्हा घ्यायचा कंटाळा आला तर मॅनेज करता येतं. (सरांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजून चालू या!) ग्राफ कसा यायला पाहिजे ते आधी माहीत असतं, मग त्याला शोभतील अशी रीडिंग जर्नलमध्ये आपोआप उतरतात. पेपर राहिला तर केटी आहे. केटी राहिली तर पुढची केटी आहे. चार वर्षं आपण अशा जगात राहतो जिथे प्रत्येक चुकीला दुसरा चान्स आहे, आणि त्या चुकीचा त्रास फार तर आपल्याला आणि आपल्या वडिलांच्या खिशाला होतो. लग्नाचं तसं नाही. अंतरपाट एकदाच दूर होतो.

तयारी म्हणाल तर मी ती केली होती. पंधरा दिवस रात्री जागून व्हिडिओ पाहिले. अॅपर्चर, शटर, आयएसओ सगळं पाठ. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघालो. मे महिना, पारा ४३ च्या पुढे, एरंडोल येईपर्यंत बॅगेतला कॅमेरा हाताला चटका देत होता. पण मन कसं गार गार होतं! डोळ्यांसमोर अल्बम दिसत होता, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात माझं नाव.

हळदीच्या दिवशी तर मी राजाच होतो. सकाळचं कोवळं ऊन, पिवळी हळद, हसणाऱ्या बहिणी. ज्या दिशेला कॅमेरा फिरवावा तिकडे फोटो. बांगड्यांचे फोटो, मेंदीचे फोटो, कलशावरच्या नारळाचे फोटो. तांब्यावर थेंब कसे चमकतात याचेच तीसेक फोटो असतील. मांडवाच्या मागे चुलवणावर बट्ट्यांचं काम चाललं होतं. घामाने भिजलेल्या बायका कणकेचे गोळे वळत होत्या. मी तिथून जाताना त्यांच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मना बी एक फोटू काढ ना, भाऊ!"

मी म्हटलं, "नंतर काढतो, मावशी."

हा 'नंतर' ध्यानात ठेवा.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त गोरज होता, सहा वाजून चाळीस मिनिटांचा. माझा सगळा हिशेब त्या वेळेवर बसवलेला. सूर्य मावळता, प्रकाश मऊ, चेहऱ्यावर सावल्या नाहीत. कागदावर कसं अगदी पर्फेक्ट! पण खान्देशातली वरात कधी कागदावरच्या वेळेला आली आहे का? मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत पाच मिनिटांचं. नवरदेवाच्या मित्रांना ते नाचत पार करायला दीड तास लागला. नवरदेव मांडवात आला तेव्हा सव्वाआठ झाले होते. सूर्य केव्हाच घरी गेला होता, आणि स्टेजवर डेकोरेशनवाल्याचे एलईडी लागले होते. जांभळे, निळे आणि पांढरे.

इथून पुढचं सांगताना आजही पोटात गोळा येतो.

मी शटर ठेवलं १/५०० वर. अक्षता हवेत थांबलेल्या दिसल्या पाहिजेत ना! स्क्रीनवर पाहतो तर फोटोभर काळपट पट्टे. मला वाटलं कॅमेरा गेला. कॅमेऱ्याला काहीच झालं नव्हतं. गेली होती ती माझी अक्कल. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, हे मला झोपेतसुद्धा विचारा. म्हणजे साधा ड्रायव्हर असलेला स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होणार, हेही मला माहीत असायला हवं होतं. डोळ्याला ते कळत नाही. पण वेगवान शटर म्हणजे सेन्सरवरून सरकत जाणारी एक अरुंद फट. ती फट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईपर्यंत दिवा थोडा मंद होतो, आणि तो मंदपणा फोटोत पट्टा होऊन बसतो. शटर १/१०० वर आणलं की सेन्सरच्या प्रत्येक भागाला दिव्याचं एक पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. दहा सेकंदांचं काम! पण समोर भटजींनी मंगलाष्टकं सुरू केल्यावर, दोनशे माणसं मागून ढकलत असताना, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा धडा आठवत नाही. मी आयएसओ वाढवला, कमी केला, फ्लॅश लावला, काढला. नुसती घाई.

त्यातच शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि स्क्रीनवर अक्षरं आली : कार्ड फुल.

३२ जीबीचं कार्ड. रॉ आणि जेपीईजी दोन्ही काढत होतो, त्यामुळे साधारण नऊशे फोटो मावत होते, आणि ते नऊशे मी बांगड्या, मेंदी आणि तांब्यावरचे थेंब यांच्यावर उधळून बसलो होतो. दुसरं कार्ड बॅगेत. बॅग नवरीच्या खोलीत. खोलीला कुलूप, आणि किल्ली कुणाच्या तरी कनवटीला! मी तिथेच उभा राहून थरथरत्या बोटांनी हळदीचे फोटो एक एक करून डिलीट करू लागलो. तेवढ्यात 'सावधान' झालं. अंतरपाट गेला. वाजंत्री वाजली. अक्षतांचा पाऊस पडला. दोघांनी एकमेकांना हार घातले. मी मान वर केली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

मग मी जे केलं ते करणारा मी जगात पहिला नसेन. मी म्हटलं, "ताई, जिजाजी, परत एकदा हार घाला ना, प्लीज." त्यांनी घातले. बिचारे हसलेसुद्धा. तो फोटो अल्बममध्ये आहे आणि दिसायला छान आहे. नीट पाहिलं तर दोघांच्या केसांत अक्षता आधीच अडकलेल्या दिसतात. आणि दोघं एकमेकांकडे पाहतच नाहीत. दोघंही माझ्याकडे पाहताहेत, 'झालं का?' म्हणून.

कन्यादानाच्या वेळी कार्डात जागा होती. शटर कसंबसं जागेवर आलं होतं. पण मी उभा होतो चुकीच्या बाजूला. मामा मुलीचा हात जावयाच्या हातात देत होते, मामी पाण्याची धार सोडत होती, आणि माझ्या व मामांच्या मध्ये एका पाहुण्यांचा मोबाइल आडवा वर आला. माझ्याकडे त्या क्षणाचे चार फोटो आहेत. चारही फोटोंत मामांच्या चेहऱ्याच्या जागी एक मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलच्या स्क्रीनवर, छोटासा, मामांचा चेहरा. ते रडताहेत एवढं कळतं. बाकी काही दिसत नाही.

मामांनी या भाच्याच्या भरवशावर तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांना 'राहू द्या' म्हणून कळवलं होतं. तेच स्टुडिओवाले काका पाहुणे म्हणून लग्नाला आले होते. पंगतीत ते नेमके माझ्या शेजारी बसले. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, सगळं पानात होतं, पण माझ्या घशाखाली काही उतरेना. काका टोमणा मारतील असं वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, भटजींशी आधी बोलला होतास का?"

"नाही. कशाला?"

"अंतरपाट कोणत्या बाजूला जाणार, हे त्यांनाच विचारावं लागतं ना."

मी गप्प. पंधरा दिवस मी जे व्हिडिओ पाहिले त्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

मामा-मामींच्या लग्नाचे फोटो याच काकांनी काढले होते. तो अल्बम मी दुसऱ्या दिवशी बाहेर काढला. फिल्मचा जमाना, एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि रोल धुऊन येईपर्यंत काय आलं ते कळायची सोय नाही. त्या माणसाने तीन रोलमध्ये अख्खं लग्न बसवलं होतं. अंतरपाट आहे, हार आहेत, कन्यादान आहे, पंगत आहे, आजोबा आहेत, स्वयंपाकाच्या बायकासुद्धा आहेत. शंभराच्या आसपास फोटो, आणि लग्नातलं एकही माणूस सुटलेलं नाही. मी दोन दिवसांत दोन हजारांच्या वर क्लिक केले होते, आणि ज्यासाठी मांडव घातला तेच सुटलं होतं.

तेव्हापासून मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. कॅमेरा येणं आणि फोटोग्राफी येणं यांत फरक आहे, हे तर सगळेच सांगतात. पण फोटोग्राफी येणं आणि लग्नाचे फोटो काढता येणं यांतही फरक आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावचे केकी मूस. (१९१२ मध्ये जन्म, १९८९ मध्ये निधन.) किती जणांनी त्यांचं घर पाहिलं आहे? एसटीने दोन-अडीच तासांवर आहे, आणि आता तिथे त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. आयुष्याची कित्येक वर्षं हा माणूस त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांची ख्याती होती टेबल-टॉप फोटोग्राफीची. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, दिवा इकडेतिकडे करून प्रकाश साधायचा, आणि फोटोत खराखुरा वाटणारा देखावा उभा करायचा. मनासारखं होईपर्यंत थांबायचं.

टेबलावरची वस्तू थांबते. लग्नातलं माणूस थांबत नाही. मूस यांच्याकडून प्रकाश शिकावा, धीर शिकावा, आणि तो होस्टेलच्या रूमवर शिकावा. बादली, डबा, टेबललॅम्प एवढं पुरे. प्रयोग तिथे करायचे, तिथे हजार वेळा चुकायचं. मी उलटं केलं. मी माझं टेबल मामांच्या मांडवात मांडलं!

इतिहास पाहिला तर राजेरजवाड्यांचंही यातून सुटलं नाही. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८४० मध्ये, राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. त्या लग्नाचा फोटो नाही, चित्रं आहेत. १८५४ मध्ये राणी आणि तिचा नवरा पुन्हा सजूनधजून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, आणि ते फोटो आजही पुष्कळदा 'लग्नाचे' म्हणून दाखवले जातात. म्हणजे राणीला चौदा वर्षांनी रिटेक मिळाला. माझ्या बहिणीला चौदा सेकंदांनी मिळाला. पण रिटेक तो रिटेकच. त्यात सगळं असतं, फक्त लग्न नसतं.

आता दुसरी गोष्ट, फुकटची. हा मुद्दा मला जास्त टोचतो.

'घरचंच कार्य, पैसे कसले घ्यायचे?' असं आपण मोठेपणाने म्हणतो. पण त्या मोठेपणात एक पळवाट असते. पैसे घेतले नाहीत, म्हणजे फोटो बिघडले तरी कुणी बोलू शकत नाही. गंमत म्हणजे कायद्यानेही तसंच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विनामूल्य दिलेली सेवा 'सेवा' या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे स्टुडिओवाल्याने पैसे घेऊन घोळ केला तर मामा आयोगाकडे तक्रार करू शकले असते. भाच्याने फुकटात घोळ केला तर कुठे जाणार? मामांनी तर मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. उलट परतीच्या एसटीत बसवायला आले आणि हातात डबा दिला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि फुकट खरं तर फुकट नसतंच. त्याची किंमत कुणीतरी देतं. इथे ती स्टुडिओवाल्या काकांनी दिली. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, आणि आषाढात चातुर्मास लागला की बंद. मधल्या काळातल्या धरून-मोजून तिथ्या, त्यावर त्यांचं वर्षाचं घर चालतं. शिवाय दाट तिथीला एका दिवशी एकच लग्न नीट होतं. मामांनी ऐनवेळी 'राहू द्या' म्हटल्यावर त्या तिथीला दुसरं काम मिळालं नाही, आणि म्हणूनच ते पाहुणे म्हणून पंगतीत बसू शकले! हे मला फार उशिरा लक्षात आलं. आपण उद्या नोकरीला लागू. एखादा हौशी मुलगा येऊन तुमचं काम 'मी फुकट करतो' म्हणाला, आणि साहेबांनी तुम्हाला घरी बसवलं, तर?

यावर रूममेटने मला दोन प्रश्न विचारले. ते रास्त आहेत म्हणून इथे देतो.

पहिला : "अरे भो, कुणीतरी कधीतरी पहिलं लग्न काढणारच ना? नाहीतर नवे फोटोग्राफर येतील कुठून?" बरोबर आहे. पण डॉक्टर पहिलं ऑपरेशन एकटा करत नाही, सीनियरच्या शेजारी उभा राहतो. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा आधी शेजारी कुणाला तरी बसवून गाडी शिकतो. पहिलं लग्न काढा, जरूर काढा, पण दुसरा फोटोग्राफर म्हणून. मुख्य फोटो ज्याला येतात त्याला काढू द्या. तुम्ही कडेचे काढा, चुका, पट्टे पाडा, कार्ड भरून टाका. तुमच्या चुकीने कुणाचं कन्यादान जाणार नाही.

दुसरा : "आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. दोनशे माणसांपैकी कुणाकडे तरी तो फोटो असेलच की." मीही हीच आशा धरली होती. महिनाभर सगळ्या नातेवाइकांकडून फोटो मागवले. जवळजवळ चारशे आले. त्यांतल्या निम्म्यांत समोरच्याचा मोबाइल, आणि बाकीच्यांत स्वतःचा चेहरा. अंतरपाटाचे तीन मिळाले, लांबून घेतलेले, हललेले. मामांच्या चेहऱ्याचा एकही नाही. सगळे काढताहेत म्हणून कुणावरच जबाबदारी नाही. ग्रुप प्रोजेक्टचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

पुढच्या लग्नसराईत मी त्या काकांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "काका, मला सोबत न्या. फ्लॅश धरतो, बॅग उचलतो." सुट्टीच्या आणि शनिवार-रविवारच्या मिळून सात लग्नांना गेलो. पहिल्या चार लग्नांत कॅमेरा हातात घेतलाच नाही. काका लग्नघरी पोचले की कॅमेरा काढत नाहीत. आधी घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसतात. फोटोत कोण कोण आलंच पाहिजे, ते विचारतात. कुणी आजारी, कुणी म्हातारं, कुणी लांबून आलेलं आहे का, ते विचारतात, आणि त्यांचे फोटो गर्दी व्हायच्या आधी काढून मोकळे होतात. भटजींशी बोलतात. बँडवाल्याशी बोलतात. स्टेजवरचे दिवे लावून घेऊन एक फोटो काढून बघतात. मोबाइलवाल्या पाहुण्यांना हात जोडून म्हणतात, "दोन मिनिटं बसून घ्या मालक, मागे आजी आहेत, त्यांना दिसत नाही." आणि माणसं बसतात! कारण ते आजींसाठी सांगतात, कॅमेऱ्यासाठी नाही.

या सात लग्नांतून जे कळलं, त्याचे व्हायवाला विचारतात तसे पाच प्रश्न करून ठेवले आहेत. कुणाच्या मामांचा फोन आलाच, तर 'हो' म्हणण्याआधी स्वतःला विचारा.

एक. दिवे लागल्यावर काय करणार? कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या लेन्सचं तोंड झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. अशी लेन्स कुणाकडून तरी एक दिवसासाठी आणता येईल का? आणि फ्लॅश दोन मीटरवरून जेवढा पोचतो, त्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच सहा मीटरवर पोचतो. इन्व्हर्स स्क्वेअर लॉ फक्त पेपरात मार्क मिळवायला नाही. फ्लॅश वरच्या कापडावर मारणार असाल तर आधी कापडाचा रंग बघा. लाल कापड म्हणजे लाल नवरी.

दोन. कार्ड आणि बॅटऱ्या किती, आणि कुठे? बॅगेत नाही, खिशात.

तीन. कॅमेरा मध्येच बंद पडला तर दुसरा आहे का? नसेल तर विषय इथेच संपला.

चार. रात्री घरी गेल्यावर फोटोंच्या दोन कॉपी दोन वेगवेगळ्या जागी करणार का? त्या झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

पाच. फोटो कुणाचे? हा प्रश्न बरेच जण ऑप्शनला टाकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो, फोटोग्राफर नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पाठवणीच्या वेळी रडणारी मुलगी ही तुमच्या इन्स्टाग्रामसाठी रडत नसते. टाकण्याआधी तिला विचारा.

पाचांपैकी एकाचंही उत्तर 'बघू' असं आलं, तर मामांना स्पष्ट सांगा : "मामा, मी येतो, फोटोही काढतो, पण मुख्य फोटोग्राफर तुमचा ठेवा." यात कमीपणा काही नाही. मी हे एक वाक्य बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

असो. सातव्या लग्नात एक गंमत झाली. मांडवाच्या मागे गेलो तर चुलवणापाशी त्याच मावशी! लग्नाच्या स्वयंपाकाची कामं करत गावोगाव फिरतात. त्यांनी मला ओळखलं. कणकेचे हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "काय भाऊ, आते तरी काढशी का?"

काढला. चांगला आला. चुलीचा उजेड एका बाजूने होता, शटर १/१०० होतं, आणि त्या माझ्याकडे बघून मनापासून हसत होत्या. काकांच्या दुकानातून प्रिंट काढून पुढच्या आठवड्यात नेऊन दिली. त्यांनी ती पदराला हात पुसून दोन बोटांत धरली.

मामांच्या घरी मात्र अजून दिवाळीला गेलो की अल्बम निघतो. जिजाजी पहिल्या पानावरचा हार घालतानाचा फोटो सगळ्यांना दाखवतात, "साला काय मस्त फोटो काढलाय!" ताई माझ्याकडे बघून हळूच हसते. मामी पानं उलटत कन्यादानापर्यंत येते आणि दर वर्षी तेच विचारते, "यांचा चेहरा दिसतो असा एखादा असेल ना रे तुझ्याकडे? कॉम्प्युटरमध्ये बघ ना एकदा."

मी दर वर्षी म्हणतो, "बघतो, मामी."